नव्वद दिवसांचं खरं

लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक आठ दिवसांनी पुन्हा दारात उभा राहिला, तेव्हा तिला वाटलं, काहीतरी विसरून गेला असेल. तिच्या खोलीत माणसं परत यायची ती विसरलेलं न्यायला. चष्मा, जेवणाचा डबा, औषधांची पिशवी. एक गृहस्थ तर बाहेरच्या बाकावर बसवलेली बायकोच विसरून बसस्टॉपपर्यंत गेले होते आणि धापा टाकत परत आले होते. मेकॅनिक मात्र सरळ टेबलासमोरच्या खुर्चीत बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "ताई, माझं एक उत्तर चुकलंय."

"कुठलं?"

"दुसऱ्या पानावरचं. मंगळवारचं. मी शून्य सांगितलं होतं. शून्य नव्हतं. एक ग्लास होता."

"तुमचा फॉर्म पुढे गेलाय," ती म्हणाली. "परत काढता येईल, पण एका ग्लासानं..." आणि ती थांबली.

"फरक पडत नाही, असं म्हणणार होतात," तो म्हणाला. "नसेल पडत. पण त्या दिवशी मी कामावर होतो. अकराव्या मजल्यावर दोर तपासत होतो. कामावर असताना घेत नाही, असं मी बायकोला सांगतो, साहेबाला सांगतो. तुम्ही विचारलंत तेव्हा तोंडातून तेच निघून गेलं. घरी जाताना बसमध्ये आठवलं."

"त्या दिवशी काही झालं नाही ना?" हा प्रश्न फॉर्मवर नव्हता. तो तिच्या तोंडून निसटला.

"काही नाही. दोर चांगला होता."

"अहो, पण इथं तुमचं नावसुद्धा नाही. नुसता नंबर आहे."

"म्हणून तर आलो. नाव असतं तिथं मी खोटंच सांगतो. एखादी तरी जागा असावी ना, जिथं खरं लिहिलेलं आहे."

तिनं शेजारच्या खोलीतल्या कपाटातून फॉर्म काढून आणला. त्यासाठी डॉक्टरबाईंना विचारावं लागलं. त्यांनी चष्म्यावरून बघत "एवढ्यासाठी आला? रजा टाकून?" एवढंच म्हटलं आणि किल्ली दिली. शून्यावर एक सरळ रेघ, बाजूला एकचा आकडा, खाली सही, तारीख. नियम असाच होता. खोडलेलं दिसलं पाहिजे. तो पुढे वाकून तिचा हात बघत होता. शेवटचा नट आवळला जाताना बघावा तसं. "हां," तो म्हणाला, टोपी घातली आणि निघाला. तिनं लिफ्टकडे बोट दाखवलं तर म्हणाला, "नको, जिन्यानं जातो. तुमच्या या लिफ्टचं मला जरा जास्तच माहीत आहे."

तो गेल्यावर तिला पुढचा फॉर्म हातात घेववेना. सात वर्षं ती हे काम करत होती आणि असं कुणी आलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरची ही खोली, एक खिडकी, दोन खुर्च्या, टेबलावर तीन मापांचे तीन रिकामे ग्लास आणि समोर नव्वद चौकटींचं कॅलेंडर. दारूच्या सवयींच्या एका वैद्यकीय पाहणीसाठी, समोरच्या माणसानं गेल्या नव्वद दिवसांत कोणत्या दिवशी किती दारू घेतली, ते त्याच्याकडूनच आठवून घ्यायचं आणि चौकटीत आकडा लिहायचा, इतकंच काम. रक्त काढायचं नाही, नळीत फुंकायला लावायचं नाही. माणूस सांगेल तेच खरं धरायचं. नातेवाइकांत तिला फॉर्मवाली म्हणत आणि नवऱ्याचे मित्र तर ती आली की हातातला पेला मुद्दाम पाठीमागे लपवायचा विनोद दरवेळी नव्यानं करत. त्यांना वाटायचं, ही खोटं पकडते. खरं तर तिचं काम उलटं होतं. कुणी म्हटलं "कधीतरी घेतो", तर 'कधीतरी' म्हणजे काय हे भांडून नव्हे, वाट बघून शोधायचं. आधी पक्के दिवस भरून घ्यायचे. पगार कधी झाला, मुलाची परीक्षा कधी होती, दाढ कधी दुखली, कोण पाहुणा आला. मग त्या दिवसांना धरून अलीकडे पलीकडे सरकायचं, अंधाऱ्या खोलीत भिंत चाचपत जावं तसं. "त्याच्या आदल्या दिवशी?" "त्याच्या दुसऱ्या दिवशी?" आणि माणसाच्या डोळ्यांत काहीतरी हलायचं. बुधवार नुसता बुधवार राहायचा नाही. त्याला वास यायचा, त्यात चप्पल तुटलेली असायची, साहेबाचा आवाज असायचा, आणि मग ग्लास आपोआप मोजले जायचे. 'घेतलीत का' असं कधी विचारायचं नाही. 'किती घेतलीत' असं विचारायचं, म्हणजे न घेतलेल्याला शून्य म्हणायला सोपं जातं आणि घेतलेल्याला आकडा सांगायला. चेहरा कोरा ठेवायचा. चौदा ऐकलं तरी कोरा आणि शून्य ऐकलं तरी कोरा. पहिल्या वर्षी तिला हे जमत नसे. शून्य ऐकलं की तिचा चेहरा उजळायचा, आणि समोरचा माणूस शहाण्या मुलासारखा शून्यांची माळच ओवायला लागायचा. डॉक्टरबाईंनी तिला आरशासमोर बसवून शिकवलं होतं.

आणि तरीही, तिला आत्ता खिडकीशी उभं राहून वाटलं, तिनं या माणसांना मनातून कधी मान दिला नव्हता. माणसं कमीच सांगतात, हे ती धरून चालली होती. सहा म्हटलं की आठ असणार. आकडे पाचावर नि दहावर येऊन बसतात, थकलेली माणसं बाकावर बसतात तशी. पण समोर बसून, अनोळखी बाईला, आपल्या आयुष्यातले नव्वद दिवस एकेक करून उघडून दाखवायचे, त्यातले शरमेचेसुद्धा, बदल्यात एक कप चहा आणि बसभाडं. हे तिला स्वतःला जमलं असतं का? मेकॅनिकच्या त्या एका ग्लासानं तिच्या सात वर्षांतली सगळी माणसं एकदम खुर्चीत ताठ बसली. ती शिवणकाम करणारी बाई, जिनं प्रत्येक चौकटीला "थांबा हं, आठवू द्या" म्हणत तीन तास घेतले होते. तो शाळामास्तर, जो प्रत्येक आकडा सांगून झाल्यावर खाली मान घालून "बरोबर" म्हणायचा, स्वतःच्याच वहीवर खूण केल्यासारखा. या सगळ्यांना ती इतक्या धीरानं विचारत आली होती. आणि दादाला तिनं एकदाही असं विचारलं नव्हतं.

दादा तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचा. गल्लीत त्याला बत्तीशीवाला म्हणत. लग्न झालं होतं, टिकलं नाही. आई त्याच्याकडे राहायची, किंवा तो आईकडे. घर आईच्या नावावर होतं आणि आईला सांभाळणारा तो होता, त्यामुळे कोण कुणाकडे हे दोघंही सोयीनुसार सांगत. दादा वीस वर्षं पीत होता. आरडाओरडा नाही, मारामारी नाही. संध्याकाळी पाचला प्रयोगशाळा बंद करून घरी यायचा, कपाटामागून बाटली काढायचा आणि आपल्या खुर्चीत हळूहळू विझत जायचा. तिला तो विझलेला दादा सहन होत नसे. ती गेली की दारातच नाक वर करायची. "घेतलीस?" दादा म्हणायचा, "नाही." ती म्हणायची, "खोटं बोलू नकोस." तो गप्प बसायचा. इतकीच त्या दोघांची वीस वर्षांची मुलाखत. 'घेतलीस' या शब्दात ती उत्तरही घालून द्यायची, शिक्षाही घालून द्यायची, आणि वर त्याला खोटारडा ठरवून मोकळी व्हायची. प्रशिक्षणात चूक कशी करू नये हे शिकवायला जो नमुना दाखवत, तो तिनं घरी जसाच्या तसा जपून ठेवला होता.

दोन महिन्यांपूर्वी आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ती इस्पितळात पोचली तेव्हा आईला आत नेलं होतं आणि दादा भिंतीला टेकून उभा होता. तिनं तिथंही विचारलं. तो म्हणाला, "नव्हती घेतली." वास घ्यायचा तिनं प्रयत्न केला, पण इस्पितळाच्या फिनेलपुढे तिचं नाक हरलं. तेव्हापासून तिच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती की हा पिऊन पडला होता आणि आई एकटी भिंत धरत गेली. या महिनाअखेरीस आईला आपल्याकडे आणायचं तिनं ठरवलं होतं. भाड्याचा पलंग सांगितला होता, नवऱ्यानं मुलीची अभ्यासाची खोली रिकामी करून दिली होती. आईला फक्त सांगायचं राहिलं होतं. दादालाही.

शनिवारी दुपारी ती गेली. पिशवीत कोऱ्या कॅलेंडरची दोन पानं होती. आई आतल्या खोलीत पलंगावर होती, दार उघडं, वॉकर उशाशी. दादा बाहेरच्या टेबलाशी काहीतरी घासत बसला होता. स्पिरिटचा दिवा नुकताच विझवलेला, त्याचा वास दरवळत होता, आणि तिचं नाक सवयीनं वर गेलं. तिनं ते खाली आणलं.

"दादा, मला तुझी मुलाखत घ्यायची आहे. माझ्या कामात घेते तशी."

"तुमच्याकडे माणसं संपली?"

"नाही. हा फॉर्म कुठं जाणार नाही. पण खरं सांगायचं. मी काही म्हणणार नाही."

त्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग हातातला कवळीचा गुलाबी तुकडा खाली ठेवला, फडक्याला हात पुसले. "चहा मिळतो म्हणे तुमच्यात."

तिनं चहा केला. मग दोघं समोरासमोर बसली आणि तिनं पेन उघडलं. आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, तिसऱ्या मजल्यावरचा, सपाट, न घाबरवणारा. हा आवाज या घरात कधी आलाच नव्हता. "आपण आधी पक्के दिवस भरू. तुला कोणते दिवस नक्की आठवतात?"

दादाला दिवस दातांवरून आठवत. पहिल्या आठवड्यात एका वकिलाची खालची कवळी. वकील म्हणाला होता, शब्द निसटतात. मग बुधवारी ती परत आली, दुरुस्त केली. पुढच्या सोमवारी जुळ्या बहिणींच्या दोन कवळ्या, डॉक्टरकडून चिठ्ठ्यांची अदलाबदल, गोंधळ. त्या दिवशी? "त्या दिवशी चार ग्लास." आदल्या दिवशी? "दोन." तो आठवताना डोळे मिटायचा. ती लिहीत गेली. आई पडण्याआधीचे बत्तीस दिवस, त्यांतले एकोणीस पिण्याचे. तिनं मनात नेहमी बत्तीसच्या बत्तीस धरले होते. तेरा दिवस हा माणूस या खोलीत, याच खुर्चीत, काही न घेता बसला होता आणि ते जगातल्या कुणालाही माहीत नव्हतं. तिनं ती तेरा शून्यं त्या आकड्यांच्याच पेनानं, त्याच आकाराची लिहिली, आणि लिहिताना तिला वाटलं, फॉर्म तयार करणाऱ्यांना कल्पना नाही. शून्याची चौकट रिकामी नसते.

मग आई पडली तो गुरुवार आला. तिचं पेन चौकटीवर थांबलं. तिनं वर पाहिलं नाही. नियमच होता.

"किती?" तिनं विचारलं.

दादानं चहाचा कप फिरवला. संपलेला होता. "दोन," तो म्हणाला. "साडेपाच ते साडेसहामध्ये. पावणेसातला ती पडली. मी जागा होतो. हाक मारली असती तर गेलो असतो. तिनं हाक मारली नाही, कारण मी घेतली की ती मला हाक मारत नाही. धप्प आवाज आला तेव्हा उठलो. उचलली नाही, उचलायचं नसतं एवढं कळत होतं. फोन केला. रुग्णवाहिका यायच्या आत तीनदा दात घासले." त्यानं कप खाली ठेवला. "तुला नाही म्हणालो होतो. लिही. दोन."

तिनं लिहिलं. दोनाचा आकडा तिला नीट काढता आला नाही, शेपूट लांबली. इतके दिवस ज्या वाक्याची ती वाट बघत होती ते हे होतं. हे हाती आलं की काय काय बोलायचं, हे तिनं बसमध्ये, न्हाणीत, कणीक मळताना शंभर वेळा घोकलं होतं. आता ते आलं आणि त्यातला एकही शब्द तिला सापडेना. समोर बसलेला माणूस, आईला ही घेऊन जाणार हे ओळखून, स्वतःच्या हातानं तिला कारण देत होता. तिला त्याच्याविषयी राग यायला हवा होता. तिला वाटलं ते इतकंच, की एवढं धाडस आपल्या माणसांत आहे आणि ते आपल्याला ठाऊक नव्हतं.

"पुढे," दादा म्हणाला. "त्यानंतरचे."

त्यानंतरचे सत्तावन्न. शून्य. शून्य. शून्य. इस्पितळातले अकरा दिवस तो आईच्या पलंगाखाली चटई टाकून झोपला होता, शून्य. घरी आणल्यावर आईला कुशीवर वळवायचं, भांडं द्यायचं, तिच्या अंगाला पावडर लावायची, लाजून ती भिंतीकडे बघायची आणि हा छताकडे, शून्य. नंतर चार दिवस. डॉक्टर म्हणाले, वॉकर आता कायमचा, तो एक. दुसऱ्याला कारण काय, तर "काही नाही गं. बरा दिवस होता." तिसरा मित्राकडच्या लग्नातला. चौथा एका बुधवारचा, "त्या दिवशी अख्खी बाटली आणली होती. किती घेतली आठवत नाही. निदान चार लिही."

"तो बुधवार काढ," आतून आई म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं. आई छताकडे बघत पडली होती. ती झोपली आहे असं दोघं धरून चालली होती, म्हणजे दोघांनीही सोयीस्कर तेच धरलं होतं.

"त्या दिवशी तो प्यायला नाही," आई म्हणाली. "बाटली आणली, टेबलावर ठेवली आणि पाचपासून तिच्यासमोर बसला. मला दारातून दिसत होतं. मी म्हटलं, बघू कोण आधी उठतं. साडेसहाला हा उठला आणि मोरीत ओतली. इथपर्यंत वास आला."

"मला आठवतंय मी घेतली," दादा म्हणाला.

"तुला दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं ते आठवतंय. ते रडून दुखलं. पिणं वेगळं आणि रडणं वेगळं."

तिनं चारावर सरळ रेघ मारली, बाजूला शून्य लिहिलं. माणसं कमी सांगतात, हे सात वर्षांचं शहाणपण तिच्या डोळ्यांदेखत उलटं होऊन पडलं होतं. या माणसानं न घेतलेली दारूसुद्धा स्वतःच्या खात्यावर मांडली होती, कारण आपण प्यायलोच असणार, यावर त्याचा बहिणीइतकाच विश्वास बसला होता. कुणी बसवला होता तो? ती खाली बघून बेरीज करत राहिली. तेवीस. नव्वदांतले तेवीस.

"झालं?" दादानं विचारलं. "मग ने तिला. त्यासाठीच आलीस ना?"

"नाही," ती म्हणाली. आणि मग, दोन श्वासांनंतर, "हो. त्यासाठीच आले होते. पलंग सांगून ठेवलाय."

"कुणी मला विचारणार आहे का, की माझा पण फॉर्मच भरायचाय?" आई म्हणाली.

दादानं तिच्या हातून पेन काढून घेतलं. ओढून नव्हे, सहज, जसं लहानपणी पाटीवरची पेन्सिल घ्यायचा. कॅलेंडरचं पान आपल्याकडे वळवलं. "आता तुझे सांग. या नव्वद दिवसांत आईला भेटायला किती दिवस आलीस?"

"दर रविवारी येते. तुला माहीत आहे."

"तुमच्यात असं चालतं? आधी पक्के दिवस भरू."

ती हसली, पण तो हसत नव्हता. चिडलेलाही नव्हता. तिचाच चेहरा, कोरा. तेरा रविवार होते. पहिल्या रविवारी ती आली होती, दादानं टिंब दिलं. दुसऱ्या रविवारी? "आले असेन." "त्या रविवारी वकिलाची कवळी घेऊन मी एकटा बसलो होतो. आई म्हणाली, ती येते म्हणाली होती." तिला आठवलं. मुलीची परीक्षा. तिसऱ्या रविवारी नवऱ्याच्या मावसभावाचं लग्न. चौथ्या, चौथ्या रविवारी काय होतं बरं? काहीच नव्हतं. ती दुपारी झोपली होती. उठल्यावर खिडकीत ऊन कलतं होतं आणि तिला वाटलं होतं, आता कुठं जायचं. पाचव्यालाही तसंच. सहावा तर आई पडल्यानंतरचा, त्या रविवारी आली होती. एकेक रविवार उजेडात येत गेला आणि तिला कळलं, समोरच्या खुर्चीत बसलं की कसं होतं. अंग गरम होतं, कान तापतात, आणि जीभ मऊ, गोल शब्द शोधत राहते. बहुतेक. साधारण. जमेल तसं. आकडा निघाला सात. तेरांपैकी सात. आणि 'दर रविवारी' हे वाक्य ती शेजारणीला, नवऱ्याला, ऑफिसात, आणि स्वतःला इतकं बेमालूम सांगत आली होती की ते सांगताना तिचा आवाजसुद्धा हलत नसे.

"सात," ती म्हणाली.

"बरोबर," दादा म्हणाला आणि लिहिलं.

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणी "येऊ दे, येऊ दे" करत होतं. मग तिनं फॉर्मवर नसलेला प्रश्न विचारला. "जड कधी जातं?"

"पाच ते साडेसहा," तो लगेच म्हणाला. "तेवढं निभावलं की पुढे काही वाटत नाही. भूक लागते, आईचं बघायचं असतं. तो दीड तास मोठा."

"मी येते पाचला. सोमवार, बुधवार, शुक्रवार."

"पहारा द्यायला?"

"नाही. बसायला."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस मला माहीत नाही," ती म्हणाली. "आणि पलंगाला सध्या नको म्हणून सांगते. सध्या म्हणतेय. कायमचं मला आत्ता सांगता येणार नाही."

"चालेल," आई आतून म्हणाली. तिलाच विचारल्यासारखं.

सोमवारी सकाळी तिनं डॉक्टरबाईंकडे आठवड्यातून तीन दिवस तासभर लवकर जायची परवानगी मागितली. कारण विचारलं की 'घरचं काम आहे' म्हणायचं, अशी तिची रीत. डॉक्टरबाईंनी विचारलं. ती म्हणाली, "माझा भाऊ दारू पितो. पाच ते साडेसहा त्याच्याजवळ बसायचंय." सात वर्षांत हे वाक्य या इमारतीत तिनं उच्चारलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, पुसला. "सकाळी लवकर येत जा मग," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं तिच्या टेबलावर येऊन काही कारण नसताना खिडकी उघडून गेल्या.

पाचला दहा कमी असताना ती पोचली. आईला उशी लावून बसवलं. सव्वापाचला जिन्यावर पावलं वाजली. दादा आत आला, तिला बघितलं, पिशवी टेबलावर ठेवली. तिचं नाक जागच्या जागी राहिलं. "आज वाईट दिवस आहे," तो म्हणाला, कुणी न विचारता. "बैस," ती म्हणाली. तो बसला नाही. पंखा लावला, बंद केला, कपाटापर्यंत गेला, परत आला. आईनं पेपरातली कुणाच्या तरी हरवलेल्या मांजराची जाहिरात मोठ्यानं वाचली. मग तो एकदम खुर्चीत बसला, पिशवीतून प्लास्टरचा साचा काढला, दिवा पेटवला, आणि गुलाबी मेणावर दात लावायला सुरुवात केली.

तिनं हे काम जवळून कधी बघितलं नव्हतं. त्याचा हात कापत होता. हवेत असेपर्यंत कापत होता. तापलेली पाती मेणाला टेकली की कापणं थांबायचं, जणू हाताला कुणीतरी आधार दिला. एक दात, मग त्याच्याशेजारी दुसरा. तो मध्येच थांबायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा वाकायचा. कपाळावर घाम होता. कुठल्याशा तोंडाचं हसू त्याच्या बोटांखाली हळूहळू जागं होत होतं.

"कुणाची रे?" आईनं विचारलं. ती वॉकर धरून दारापर्यंत आली होती. त्या दोघांच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

"गाणाऱ्या एक बाई आहेत. सत्तरीच्या. त्यांना सरळ दात नकोत. पुढचे दोन जरा तिरके होते म्हणाल्या, तसेच द्या. नाहीतर आरशात दुसरीच कोणी दिसेल."

त्यानं पातीच्या टोकानं दात किंचित वळवला आणि साचा दोघींपुढे धरला. तिनं वाकून पाहिलं.

"अजून थोडा," आई म्हणाली.

दादानं पाती पुन्हा दिव्यावर धरली. सहा चाळीस झाले होते.